सर रॉबर्ट पील

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडन हे वैभवाच्या शिखरावर असलेले शहर होते. तेथील लोकवस्ती दहा लाखांच्या वर गेली होती. थेम्स नदीच्या काठी देशोदेशींची जहाजे लागत. परंतु सूर्य मावळला, की त्याच शहरात सज्जनांना घराबाहेर पडण्याची धास्ती वाटे. शहराच्या निरनिराळ्या भागांनी आपापले रखवालदार नेमले होते. हातात कंदील व काठी घेतलेले हे रखवालदार बहुधा वयोवृद्ध असत. एका भागात चोरी करून चोर पलीकडच्या भागात शिरला, म्हणजे त्याचा पाठलाग तेथेच संपे.

चोर पकडण्याची व्यवस्था जितकी दुबळी होती, तितका कायदा कठोर होता. दोनशेहून अधिक गुन्ह्यांना मृत्युदंड सांगितला होता व त्यांत कित्येक क्षुल्लक चोऱ्यांचाही समावेश होता. एवढ्याशा अपराधासाठी माणसाला फासावर पाठविणे पंचांच्या जिवावर येई आणि ते आरोपीला निर्दोष ठरवीत. अशा रीतीने शिक्षा भयंकर असूनही चोरांना तिचे भय उरले नव्हते.

मोठा जमाव जमला, की सरकारपाशी सैन्यावाचून दुसरा उपाय नसे. १८१९ साली मँचेस्टर येथे सुमारे साठ हजार लोक पार्लमेंटात सुधारणा व्हावी, अशी मागणी करण्यासाठी मैदानात शांतपणे जमले होते. त्यांच्यावर घोडेस्वार घालण्यात आले. पंधरा-अठरा माणसे प्राणास मुकली व शेकडो जखमी झाली. तलवारीने मैदान मोकळे झाले. पण लोकांच्या मनात जो संताप साचला, तो कित्येक वर्षे निवला नाही. लोकांचे रक्षण कसे करावे आणि ते करताना त्यांचे स्वातंत्र्य कसे राखावे, हा इंग्लंडपुढील बिकट प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधणारा मुत्सद्दी म्हणजे सर रॉबर्ट पील.

पील याचा जन्म ५ फेब्रुवारी १७८८ रोजी लँकेशायरमधील बरी या गावी झाला. त्याचे वडील कापडाच्या धंद्यात श्रीमंत झालेले गिरणीमालक होते व पार्लमेंटाचे सभासदही होते. गिरण्यांत राबणाऱ्या उमेदवार मुलांच्या आरोग्याची काळजी घेणारा १८०२ सालचा कायदा त्यांच्याच प्रयत्नाने झाला. रॉबर्टचे शिक्षण हॅरो येथील शाळेत व पुढे ऑक्सफर्ड येथे झाले. प्राचीन भाषा आणि गणित या दोन्ही विषयांत त्याने पहिला वर्ग मिळविला. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८०९ साली, तो पार्लमेंटात गेला आणि चोविसाव्या वर्षी आयर्लंडच्या राज्यकारभाराची मोठी जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली.

आयर्लंडमध्ये दारिद्र्य होते, जमीनदारांचा जाच होता आणि इंग्रजी सत्तेविषयी तीव्र रोष होता. तेथील दंगेधोपे मोडून काढण्यासाठी पील याने १८१४ साली एक नवे दल उभारले. ज्या भागात अशांतता माजे, तेथे हे दल पाठवीत आणि त्याचा खर्च तेथील रहिवाशांकडून वसूल करीत. हे दल सरकारचे होते. लोकांना ते आपले वाटावे, असे त्यात काही नव्हते. त्याने दंगे दडपले, परंतु लोकांची मने वळली नाहीत.

१८२२ साली पील इंग्लंडचा गृहमंत्री झाला. लंडनसाठी सुसंघटित पोलीस दल असावे, असे त्याच्या मनात होते. परंतु त्याच वर्षी पार्लमेंटाच्या समितीने ही कल्पना फेटाळली. फ्रान्समधील पोलीस घराघरांतील गोष्टी हेरून सरकारला कळवितात, अशी इंग्लंडमध्ये समजूत होती. असे पोलीस आले, तर आपले पिढीजात स्वातंत्र्य संपेल, हे भय श्रीमंतांना होते तसेच गरिबांनाही होते. पील याने हट्ट धरला नाही. त्याने आधी कायद्याची डागडुजी हाती घेतली. विखुरलेले फौजदारी कायदे एकत्र केले आणि अनेक गुन्ह्यांची फाशीची शिक्षा रद्द करविली. १८२३ च्या कायद्याने तुरुंगाधिकाऱ्यांना नियमित पगार मिळू लागला व स्त्री कैद्यांवर स्त्रियांचीच देखरेख आली.

सात वर्षे धीर धरल्यावर १८२९ साली पार्लमेंटाने लंडनच्या पोलिसांचा कायदा संमत केला. चार्ल्स रोवन हा अनुभवी सेनाधिकारी आणि रिचर्ड मेन हा तरुण बॅरिस्टर या दोघांच्या हाती नव्या दलाची सूत्रे देण्यात आली. २९ सप्टेंबर १८२९ रोजी सायंकाळी या दलाचे शिपाई प्रथमच लंडनच्या रस्त्यांवर उतरले.

त्यांच्या पोशाखातही मोठा विचार होता. सैनिकांचा डगला तांबडा असे. म्हणून शिपायांना निळा डगला व उंच टोपी देण्यात आली. त्यांच्याजवळ बंदूक नव्हती. लाकडाचा आखूड दंडुका असे, तोही डगल्याच्या आत झाकलेला. प्रत्येकाच्या गळपट्टीवर त्याचा क्रमांक ठळकपणे लिहिलेला असे. शिपायाने कोणाशी उद्दामपणा केला, तर तो क्रमांक सांगून कोणीही तक्रार करू शके. गुन्हा घडल्यावर धावून जाण्यापेक्षा तो घडूच न देणे हे पहिले कर्तव्य, अशी शिकवण त्यांना देण्यात आली. किती चोर पकडले, यापेक्षा किती रात्री शांततेत गेल्या, यावर त्यांच्या कामाची पारख व्हावयाची होती.

आरंभ मात्र खडतर होता. क्रमांक एकच्या शिपायालाच मद्यपानाबद्दल पहिल्या दिवशी काढून टाकावे लागले. त्याच्यामागून आणखी कितीतरी जणांची तीच गत झाली. लोक शिपायांची टर उडवीत, त्यांना शिव्या देत. १८३३ साली लंडनमधील एका सभेच्या वेळी झालेल्या झटापटीत एका शिपायाचा भोसकून खून झाला. तेव्हा पंचांनी ती हत्या समर्थनीय ठरविली आणि त्या पंचांचा लोकांनी जयजयकार केला! हा निकाल पुढे रद्द झाला. तथापि नव्या पोलिसांविषयी लोकांच्या मनात केवढी अढी होती, हे त्यावरून दिसून आले. शिपायांनी त्याचा सूड घेतला नाही. ते रोज ठरल्या वेळी, ठरल्या रस्त्याने गस्त घालीत राहिले. वर्षे गेली आणि लोकांचा ग्रह हळूहळू पालटला. पील याच्या रॉबर्ट या नावावरून शिपायांना ‘बॉबी’ असे नाव पडले आणि ते लोकांच्या तोंडी रुळले. १८५६ साली इंग्लंड व वेल्समधील प्रत्येक परगण्यात पोलीस दल ठेवणे सक्तीचे झाले.

पील पुढे दोनदा पंतप्रधान झाला. १८४३ साली एका भ्रमिष्ट माणसाने त्याचा चिटणीस एडवर्ड ड्रमंड हाच पील आहे, अशा समजुतीने त्याच्यावर पिस्तूल झाडले व त्यात ड्रमंडचा अंत झाला. लोक खवळले होते. तरी न्यायालयाने मारेकऱ्याची मनःस्थिती तपासली व तो वेडा असल्याचे ठरवून त्याला फासावर न चढविता वेड्यांच्या रुग्णालयात ठेवण्यात आले.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला. परदेशी धान्य महाग करणारे कायदे रद्द करावेत, असे पील याने ठरविले. त्याच्याच पक्षातील जमीनदार त्याच्यावर उलटले. तरी तो मागे हटला नाही. जून १८४६ मध्ये ज्या रात्री ते कायदे रद्द करण्यास मान्यता मिळाली, त्याच रात्री आयर्लंडवर सक्तीचे नियम लादणारे त्याचे दुसरे विधेयक कॉमन्स सभेने फेटाळले आणि पील याने सत्ता सोडली. भुकेलेल्यांचा विचार करणारा हा मुत्सद्दी आयर्लंडच्या बाबतीत अखेरपर्यंत बळाचा आधार सोडू शकला नाही, हे त्याच्या चरित्रातील मोठे वैगुण्य होय.

२९ जून १८५० रोजी घोड्यावरून पडून पील याला जबर दुखापत झाली आणि २ जुलै रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेप्रमाणे कोणताही थाटमाट न करता खेड्यातील साध्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले. त्याच्या स्मारकासाठी गरिबांनीही एकेक पेनी वर्गणी दिली.

भारतात इंग्रजांनी पोलीस दल उभारले, तेव्हा त्यांनी लंडनचा नव्हे, तर आयर्लंडचा कित्ता गिरविला. १८४३ नंतर सिंधमध्ये आणि १८६१ च्या कायद्यानंतर इतर प्रांतांत जी पोलीस व्यवस्था आली, तिची रचना परक्या सत्तेच्या रक्षणासाठी होती. म्हणूनच आपल्या खेड्यापाड्यांत शिपाई दिसला, की लोक दारे लावून घेत. स्वतंत्र देशातील पोलिसाला मात्र दाराआडच्या त्या माणसाचा विश्वास संपादन करावा लागतो. तो विश्वास हुकमाने मिळत नाही. भर पावसात, निर्जन रस्त्यावर, कोणी पाहत नसतानाही आपली गस्त चुकू न देणारा शिपाईच तो मिळवितो.