विठ्ठल सखाराम पागे

दामाजीपंतांचे आख्यान आम्ही वर्षानुवर्षे लावत आलो. मंगळवेढ्याचे कोठार खुले होते, भुकेलेले लोक धान्य नेतात, आणि बिदरच्या बादशहाकडे भरणा करायला खुद्द पांडुरंगाला विठूचे रूप घ्यावे लागते. श्रोते डोळे पुसतात. पण त्या कथेत एक अडचण आहे खरी. दयाळू अधिकारी लाभला म्हणून तिथली माणसे जगली. ज्या गावाला तो लाभलाच नाही, त्याने काय करावे? ही अडचण मनावर घेणारा एक पुरुष आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला, ते वि. स. पागे.

पागे यांचा जन्म १९१० सालचा. वकिली शिकले, स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, आणि १९६० ते १९७८ इतका काळ विधान परिषदेचे सभापती होते. संतवाङ्मयाचा व्यासंग मोठा. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. दुष्काळात बाजारात धान्य नसते असे नाही; ते घ्यायला भूमिहीनाच्या हाती पैसा नसतो. काम गेले की चूल गेली. म्हणून १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापुरात त्यांच्या कल्पनेप्रमाणे प्रयोग झाला. मागेल त्याला काम द्यायचे, आणि ते बांधबंदिस्तीसारखे, जमिनीच्या कामी येणारे.

पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याला त्याची झळ किती लागली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारावे. आम्ही तेव्हा दहा-बारा वर्षांचे. आयाबाया दिवसभर खडी फोडायच्या, पाझर तलावाची माती वाहायच्या, आणि पोरांना कामावर सुकडी मिळायची. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो. तिची भाकरी काही केल्या थापता येत नसे! १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. पण ही कामे सरकारने दुष्काळ जाहीर करावा तेव्हा निघत, आणि पाऊस पडला की बंद. गरिबाची भूक काही आणेवारी बघून लागत नाही की हो!

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पागे यांनी ही गोष्ट पटवून दिली. राज्याने रोजगार हमी योजना स्वीकारली, १९७७ मध्ये सर्व पक्षांनी एकमुखाने कायदा केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खेड्यातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर पंधरा दिवसांत द्यायचे; न दिले तर भत्ता. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहायची नाही. बाईला आणि पुरुषाला मजुरीचा दर एकच. विधवा, परित्यक्ता, भूमिहीन बाया या कामांवर मोठ्या संख्येने आल्या त्या उगाच नव्हे. पैसा कोठून आणला? शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला, आणि जितका कर जमेल तितकीच भर सरकारने घालायची ठरले. मुंबईच्या कचेरीत बसलेल्याच्या पगारातून परंड्याच्या माळावरच्या बाईची भाकर! आम्हाला तर हे दामाजीपंतांच्या कोठाराहून कमी वाटत नाही.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी महिनोन्‌महिने अडली, भत्ता अगदीच तुटपुंजा. शिवाय ज्याच्या अंगात कुदळ उचलण्याचे बळच नाही, त्या म्हाताऱ्याला, आजाऱ्याला, अपंगाला या योजनेत जागा नव्हती. त्यांच्यासाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना निघाली.

पागे १९९० मध्ये वारले. पुढे २००५ मध्ये केंद्राने सबंध देशासाठी रोजगाराचा कायदा केला, त्याला महाराष्ट्राच्या या अनुभवाचा मोठा आधार होता. २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचाही कायदा झाला. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईची कामे बुडून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन भूम-कळंबकडे परतली, तेव्हा त्यांच्यापुढे दोनच दारे उघडी होती. एक रेशनचे दुकान आणि दुसरे ग्रामपंचायत, जिथे कामाचा अर्ज द्यायचा असे. अर्ज लिहून घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला पागे हे नाव बहुधा ठाऊकही नसेल.