आनंदाचे गायक : रेव्ह. नारायण वामन टिळक

चांदवडच्या बंधुभगिनींनो, प्रभूंतील आनंद दुःखांतही टिकतो, हें टिळकांच्या चरित्रावरून कळतें. त्यांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत करजगांवीं झाला. लहानपणींच मातृसुख अंतरलें. पुढें आपल्याच नाशकांत ते शिकले. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंचाही वियोग कांहीं वर्षें सोसावा लागला. तरी त्यांचें गाणें थांबलें नाहीं. अभंग व कीर्तन यांच्या द्वारें त्यांनीं प्रभूची स्तुति खेड्यांतील निरक्षरांच्याही ओठीं आणिली. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींही बाप्तिस्मा घेतला. १९१९ सालीं टिळक प्रभूकडे गेले. त्यांचीं शंभरांवर पदें मराठी मंडळी आजही गाते. ज्याच्या घरीं दुःख असेल, त्यानें उपासनेस येऊन तीं अवश्य गावीं. आनंद पुष्कळदां गातां गातांच येतो.