एका नदीचे दोन काठ

भागीदारीचे खाते बंद करायला आलेले सख्खे भाऊ बँकेच्या नोकरीत मी पुष्कळ पाहिले. शेजारी बसून सह्या करायचे, पण नजर वर उचलायची नाही. तेव्हा मला अडॉल्फ ऊर्फ आदी डासलर आठवायचा.

हा १९०० साली जर्मनीतल्या हर्झोगेनआउराख गावी जन्मला. पहिल्या महायुद्धानंतर आईच्या धुलाईच्या खोलीत तो बूट शिवू लागला. थोरला रुडॉल्फ येऊन मिळाला आणि १९२४ साली भावांची कंपनी झाली. आदी अबोल, सदा कामात. रुडॉल्फ बोलका, विक्रीत तरबेज. १९३३ साली दोघेही नाझी पक्षात गेले, हे विसरून चालणार नाही. तरीही १९३६ साली बर्लिनमध्ये चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या कृष्णवर्णीय जेसी ओवेन्सच्या पायांत डासलरांचेच बूट होते!

युद्धकाळात मने विटली. १९४८ साली वाटण्या झाल्या. आदीची आदिदास, रुडॉल्फची प्युमा. मध्ये आउराख नदी. गावही दुभंगले. समोरच्याचे आधी बूट बघायचे, मग बोलायचे. १९५४ साली बर्नच्या चिखलात पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ असे हरवून विश्वचषक जिंकला, तो आदीच्या बदलता येणाऱ्या खिळ्यांच्या बुटांवर. जगभर नाव झाले. भाऊ मात्र दुरावलेलाच राहिला.

रुडॉल्फ १९७४ साली गेला, आदी १९७८ साली. दफनभूमी एकच, पण थडगी दोन टोकांना. दोन्हीकडचे कर्मचारी एकत्र फुटबॉल खेळले ते थेट २००९ साली.

आमच्याही घराची वाटणी झाली आहे. धाकट्याशी बोलून बारा वर्षे झाली. आज रविवार, तो घरी असेल. फोन करून बघतो.