पंडित विष्णू नारायण भातखंडे : संगीताच्या न्यायाचा शोध

चित्र पुन्हा पाहता येते, पुस्तक पुन्हा वाचता येते. गाणे मात्र ऐकता ऐकता हवेत विरून जाते. त्यामुळे गाण्याचे मूल्यमापन करणे नेहमीच अवघड असते. एकोणिसाव्या शतकात ते आणखीच अवघड होते. ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती आणि चिजा लिहून ठेवण्याची सर्वमान्य पद्धतही नव्हती. गायकाची योग्यता बहुधा त्याच्या घराण्याच्या नावावर, दरबारातील मानावर आणि मैफलीत मिळणाऱ्या दादेवर ठरत असे. एकच राग दोन घराण्यांत दोन प्रकारे गाइला जाई आणि प्रत्येक जण आपलाच प्रकार शुद्ध मानी. अशा स्थितीत योग्य काय, हे कोणी व कसे ठरवावे? या प्रश्नासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते पंडित विष्णू नारायण भातखंडे.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. लहानपणापासून त्यांना संगीताची ओढ होती. शिक्षण घेता घेता ते सतार शिकले. पुढे मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांना अनेक नामवंत कलावंतांचे गायन ऐकण्याची व शिकण्याची संधी मिळाली. १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली आणि वकिली सुरू केली. पत्नी व कन्या यांच्या अकाली निधनानंतर मात्र त्यांनी हळूहळू व्यवसाय आवरता घेतला आणि स्वतःला संगीताला वाहून घेतले.

वकिली सुटली, तरी वकिलाची दृष्टी सुटली नाही. साक्षीपुरावे पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हा न्यायालयातील नियम त्यांनी संगीताला लावला. १९०४ मध्ये त्यांनी दक्षिण भारताचा प्रवास केला. तेथे व्यंकटमखी यांच्या ७२ मेळांच्या रचनेचा त्यांनी अभ्यास केला. पुढील काही वर्षांत ते उत्तर व पूर्व भारतात फिरले. जुनी हस्तलिखिते तपासली, पंडितांशी चर्चा केली, उस्तादांचे गायन ऐकले. चिजा म्हणजे घराण्याचे धन. त्या परक्याच्या हाती देण्यास अनेक जण नाखूश असत. तरीही चिकाटीने त्यांनी शेकडो चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीत उतरवून घेतल्या.

या पुराव्यांच्या आधारे त्यांनी हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी केली. ग्रंथातील नियम आणि प्रत्यक्ष गायन यांत अंतर पडले, तर प्रचलित गायनाला महत्त्व द्यावे, असे त्यांचे मत होते. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिला. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्यांनी हजाराहून अधिक चिजा स्वरलिपीसह दिल्या. जे धन काही घरांपुरते होते, ते सर्वांना पडताळून पाहता येऊ लागले.

एकट्याने दिलेला निकाल सर्वमान्य होणार नाही, हेही त्यांनी ओळखले होते. म्हणून सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यानंतर दिल्ली, बनारस व लखनौ येथेही परिषदा झाल्या. निरनिराळ्या परंपरांचे जाणकार एकत्र बसून रागांच्या रूपांविषयी चर्चा करू लागले. सर्व मतभेद मिटले नाहीत. पण ते चव्हाट्यावर आले आणि त्यांची चर्चा पुराव्यांनिशी होऊ लागली. १९२६ मध्ये लखनौ येथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. तेथे ठरलेल्या अभ्यासक्रमानुसार संगीत शिकवले जाऊ लागले. विद्यार्थी कोणत्या घराण्याचा आहे, यापेक्षा त्याला काय येते, हे महत्त्वाचे ठरले.

तथापि भातखंडे यांचा मापदंडही परिपूर्ण नव्हता. मधुवंती, अहिर भैरव यांसारखे राग दहा थाटांत नीट बसत नाहीत. स्वरलिपीत स्वर लिहिता येतात. मिंडेचे मार्दव व आवाजाची आर्तता लिहिता येत नाही. घराणेदार उस्तादांविषयीची त्यांची काही मते कठोर होती, असा आक्षेप पुढील अभ्यासकांनी घेतला. निःपक्षपातीपणासाठी झटणाऱ्या माणसालाही स्वतःची आवडनिवड पूर्णपणे बाजूला ठेवता येत नाही, हेच यावरून दिसते. पुस्तकी ज्ञान पुरेसे नसते, हेही विसरून चालत नाही. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडेही तालीम घेतली होती.

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघाताने ग्रासले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. लखनौच्या त्या संस्थेला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. त्यांनी दिलेले काही निकाल आज बदलले आहेत. परंतु मत देण्यापूर्वी ऐकावे, पडताळावे आणि आपल्या मताची कारणे सर्वांसमोर मांडावीत, ही त्यांनी घालून दिलेली रीत आजही मोलाची आहे.