नारायण मेघाजी लोखंडे : गिरणीकामगारांचा पहिला संघटक

मुंबईच्या कापडगिरण्यांत १८८० च्या सुमारास काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. आठवड्याच्या सुटीचा निश्चित नियम नव्हता. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने संरक्षण दिले ते केवळ मुलांना. प्रौढ कामगाराची बाजू मांडणारे कोणी नव्हते. ते कार्य नारायण मेघाजी लोखंडे यांनी अंगावर घेतले.

१८४८ साली जन्मलेल्या लोखंड्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. काही काळ त्यांनी गिरणीच्या कोठारावर नोकरी केली, त्यामुळे कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ बंद पडण्याच्या बेतात असता लोखंड्यांनी ते १८८० मध्ये मुंबईस आणले. बंगालमध्ये शशिपद बॅनर्जी यांचे ‘भारत श्रमजीवी’ १८७४ मध्येच निघाले होते. परंतु तेथील भर कामगाराच्या नैतिक उन्नतीवर होता, तर ‘दीनबंधु’ने त्याच्या हक्काची भाषा घडविली.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पंधरा तारखेच्या आत मागील महिन्याचा पगार, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, अशा त्यातील मागण्या होत्या. याच सुमारास स्थापन झालेल्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला घटना नव्हती, सभासदांची नोंदवही नव्हती, निधीही नव्हता, म्हणून काही अभ्यासक तिला कामगार संघटना मानावयास तयार नाहीत. हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खरा असला तरी अपुरा आहे. एकट्याने तक्रार करणाऱ्या कामगाराला घरी बसविणे सोपे असते. हजारोंच्या अर्जाला उत्तर द्यावे लागते. ही गोष्ट मुंबईच्या कामगारांना प्रथम उमगली ती येथे.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीजवळच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, हे त्या काळी विशेषच. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. संप न होता हे घडले. त्याच वर्षीच्या फॅक्टरी आयोगाच्या कामात लोखंड्यांना सहभागी करून घेण्यात आले, आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटी आली. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादाही पडली. विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार नाभिकांकडून करवून घेण्यातही लोखंडेच पुढे होते.

१८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असता त्यांना त्याच रोगाने गाठले. संघटना त्यांच्या व्यक्तित्वावरच उभी असल्याने ती त्यांच्यामागे टिकली नाही. रविवार मात्र टिकला.