पुण्यात शिकलेला पाण्याचा इंजिनिअर

दहावीनंतर आपण सायन्स, कॉमर्स, आर्ट्स असे पांगलो. आता मुलांच्या ब्रँचची काळजी लागली आहे. कॉम्प्युटर मिळेल की सिव्हिलवर समाधान मानावं लागेल, हा प्रश्न घरोघरी आहे. म्हणून या स्मरणिकेसाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची आठवण.

म्हैसूर संस्थानातलं मुद्देनहळ्ळी हे त्यांचं गाव. वडील लहानपणीच वारले. बंगळूरला मामांच्या आधाराने आणि शिकवण्या करून ते शिकले. सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. झाले. गणित पक्कं होतं. घरची ओढाताण पाहता मिळेल ती नोकरी धरणं सोपं होतं. पण म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, म्हणजे आजच्या सीओईपीत. तिथे शेतकी आणि वनविद्येचेही वर्ग होते. त्यांनी सिव्हिल इंजिनिअरिंग घेतलं आणि १८८३ साली एल. सी. ई. परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले.

शिक्षण इथे संपलं, पण त्यांचा खरा विषय अजून ठरायचा होता. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात ते असिस्टंट इंजिनिअर झाले. पहिली नेमणूक नाशिकला. पुढे खानदेशात पाटाचं पाणी ओढ्यापलीकडे न्यायला नळांचा सायफन बांधला. सिंधमधल्या सक्करला शहराची पाणीयोजना केली. एकेका कामाने त्यांना पाण्याकडे ओढलं.

नीरेच्या कालव्यावर सगळ्यांनाच उसाला पाणी हवं असे. त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. शेतीचे गट पाडून प्रत्येक गटात उसाचं क्षेत्र मर्यादित ठेवायचं, पिकं आलटून पालटून घ्यायची आणि पाणी जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोचवायचं. खडकवासल्याला धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी कसं साठवायचं, हा प्रश्न होता. १९०३ साली तिथे त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की ते आपोआप उघडत. पुढे म्हैसूरला कृष्णराजसागर धरण उभं राहिलं, तेव्हा तिथेही तसेच दरवाजे आले.

१९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९१७ साली बंगळूरला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, त्यामागे तेच होते. ज्या शिक्षणासाठी त्यांना स्वतःला पुण्याला यावं लागलं, ते म्हैसूरच्या मुलांना घराजवळ मिळू लागलं. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं, १९६२ मध्ये ते गेले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. नागपूरच्या व्हीएनआयटीच्या नावातला 'व्ही' त्यांचाच.

ब्रँच त्यांनी विशीत निवडली. पाणी हा विषय मात्र नोकरीत, हातात आलेलं प्रत्येक काम मन लावून करताना सापडला. गणिताचा पाया पक्का होता, म्हणून तो पेलला. आपला पाया ज्या गुरुजनांनी घातला, ते या मेळाव्याला समोर बसले आहेत. मुलांच्या ब्रँचची चिंता थोडी बाजूला ठेवून आधी त्यांना नमस्कार करूया.