पडद्यावरचा टायटॅनोसॉर आणि नागपूरचे हिस्लॉप

संगणक आणि मोबाइलवरील खेळांनी शहर आणि तालुक्याचे गाव यांतील अंतर केव्हाच मिटवले आहे. बीड जिल्ह्यातील वडवणी असो की पुणे-मुंबई, मुलांच्या बोटांखाली तेच अजस्र प्राणी धावत असतात. १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'पोकेमॉन'च्या पहिल्या खेळांतही जीवाश्मांपासून जिवंत करता येणारे प्राणी होते. त्यांतील एक शंखधारी अमोनाइटवरून बेतलेला होता, तर दुसरा नालखेकड्यावरून. २०१५ साली खेळाडूंच्या हाती आलेल्या 'आर्क : सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ड' या खेळात तर टायटॅनोसॉर नावाचा डोंगराएवढा डायनासोर अवतरला. हे नाव जगाला मिळाले ते मध्य भारतात सापडलेल्या हाडांमुळे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. या हाडांच्या शोधकथेत विदर्भाचा वाटा मोठा आहे आणि तो प्रामुख्याने एका माणसाच्या चिकाटीचा आहे. ते म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव घरोघरी पोहोचले असले, तरी त्यांच्यातील भूगर्भशास्त्रज्ञ काहीसा विस्मृतीतच गेला.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून १८४४ च्या अखेरीस मुंबईला पोहोचले आणि १८४५ च्या प्रारंभी नागपूरला आले. नागपूरच्या गादीवर तेव्हा तिसरे रघूजी भोसले होते. हिस्लॉप यांनी मराठी आत्मसात केली, शाळा सुरू केली आणि प्रचारासाठी गावोगाव फिरणे आरंभले. १८५३ मध्ये रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने संस्थान खालसा केले. राज्य बदलले, पण हिस्लॉप यांची शाळा आणि भटकंती थांबली नाही.

या भटकंतीत त्यांना साथ होती सहकारी रॉबर्ट हंटर यांची. १८५१ मध्ये नागपूरच्या पश्चिमेस टाकळीजवळ फिरताना या दोघांना काळ्या खडकांच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात जीवाश्म आढळले. तेथून त्यांच्या अभ्यासाला दिशा मिळाली. नागपूर परिसराच्या भूगर्भाविषयीचा त्यांचा संयुक्त निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. प्रकृतीच्या कारणास्तव हंटर मायदेशी परतले. त्यानंतर हिस्लॉप यांनी शाळा सांभाळून हे काम एकट्याने पुढे नेले.

त्यांच्या कामाचे मोल समजण्यासाठी दख्खनच्या पायाखालची जमीन समजून घ्यावी लागते. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी येथे भेगांमधून लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. वडवणी आणि अवघा बीड जिल्हा याच पाषाणावर वसला आहे. येथे थर इतके जाड आहेत की त्यांच्या तळाशी काय दडले आहे ते सहसा दिसत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मात्र या पाषाणाची पूर्वेकडील कड येते. तेथे लाव्हाखालचा आणि लाव्हाच्या थरांमधला जुना गाळ उघडा पडतो. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत साचलेल्या तळ्यांतील शंखशिंपले त्यात जपलेले असतात. हिस्लॉप यांनी हे शंख गोळा केले, त्यांची वर्णने लिहिली आणि त्यांवरून लाव्हाचे वय ठरवण्याचा प्रयत्न केला. त्यांनी हा काळ डायनासोरनंतरचा मानला होता. आधुनिक कालमापनाने तो डायनासोर युगाच्या शेवटाला येऊन भिडला. त्यांचे अनुमान मागे पडले, तरी गाळातील जीवांवरून लाव्हाचा काळ शोधण्याची त्यांची वाट अभ्यासकांनी सोडली नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली येथून मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली. १८४२ मध्ये डायनासोर हा शब्द रूढ करणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी तिला 'ब्रॅकिऑप्स' असे नाव दिले. वरोऱ्याजवळील पिसदुरा या गावी तर हिस्लॉप यांना अवाढव्य सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे मिळाली. जबलपूरला १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना अशीच हाडे सापडली होती. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून इतिहासात प्रसिद्ध झालेले स्लीमन ते हेच. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी जबलपूरच्या हाडांवरून 'टायटॅनोसॉरस' हे नाव निश्चित केले आणि १८७९ मध्ये पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून त्याची आणखी एक जात वर्णिली. लांब मान आणि लांब शेपटीच्या या शाकाहारी कुळाला पुढे जगभर टायटॅनोसॉर म्हटले जाऊ लागले. खेळाच्या पडद्यावर पोहोचले ते हेच नाव.

हे नामकरण पाहणे हिस्लॉप यांच्या नशिबी नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते नागपूरजवळील टाकळघाट येथे प्राचीन शिळावर्तुळांचे उत्खनन पाहण्यास गेले होते. मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांची मंडळीही तेथे होती. परतताना संध्याकाळी पावसाने फुगलेला प्रवाह घोड्यावरून ओलांडताना ते वाहून गेले. घोडा स्वाराविना परतला, तेव्हा शोध सुरू झाला आणि हाती आला तो त्यांचा मृतदेह. सेहेचाळिसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर होता. प्राचीन हाडांविषयीची त्यांची अखेरची टिपणे १८६४ मध्ये, त्यांच्या पश्चात, छापली गेली. गोंडांसह मध्य प्रांतातील आदिवासींविषयी त्यांनी जमवलेले लेखन टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. नागपूर परिसरातील एक हिरवे खनिज 'हिस्लोपाइट' या नावाने, तर गोड्या पाण्यातील एक सूक्ष्म जीव 'हिस्लोपिया' या नावाने त्यांची आठवण जपून आहे.

पिसदुऱ्याची कहाणी मात्र तेथे संपली नाही. तेथे हाडांबरोबरच दगड झालेली विष्ठाही विपुल मिळते. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात या विष्ठेचा अभ्यास प्रसिद्ध केला. वनस्पतींच्या पेशींत सिलिकेचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. वनस्पती पचली तरी ते टिकतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचे कूळ ओळखता येते. पिसदुऱ्याच्या नमुन्यांत सूचिपर्णी वृक्ष आणि ताड यांच्याबरोबर गवताचे कणही निघाले. तोवर गवत डायनासोर संपल्यानंतरच पसरले, असा समज होता. चित्रकाराने डायनासोरच्या पायाखाली गवत रंगवले, तर ती चूक ठरत असे. या शोधाने तो समज ढासळला. अफाट कुरणे तेव्हा नव्हती, पण गवताच्या अनेक जाती होत्या आणि त्या टायटॅनोसॉरच्या पोटात जात असाव्यात, असे अभ्यासकांचे अनुमान आहे.

'आर्क'मधला टायटॅनोसॉर मूळ नियमांनुसार माणसाळवल्यावर काहीच खात नाही आणि काही काळाने उपासमारीने मरतो. इतका बलाढ्य प्राणी खेळाडूच्या हाती कायमचा राहू नये, यासाठी निर्मात्यांनी केलेली ही सोय. खऱ्या टायटॅनोसॉरचे जेवण काय होते, याचे उत्तर मात्र वरोऱ्याजवळच्या शेतजमिनीने दिले आहे. शाळा सुटल्यावर हातोडी घेऊन बाहेर पडणाऱ्या एका शिक्षकाने त्या जमिनीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली.